पाण्याची किंमत : मिंक, पिंजरा आणि फरविरोधी चळवळ

थंड प्रदेशातील प्राण्यांच्या कातड्यावर केसांचे दोन थर असतात. बाहेरचे केस लांब, राठ आणि चकचकीत असून ते पाणी व वारा अडवतात, तर त्यांच्या मुळाशी दडलेली दाट, मऊ लव हवेचा थर धरून ठेवते आणि अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. हे दोन्ही थर कातड्यासकट कमावले म्हणजे जी वस्तू तयार होते तिला फर म्हणतात. मेंढीची लोकर कातरून घेता येते आणि मेंढी जिवंत राहते. फरच्या बाबतीत केस आणि कातडे वेगळे करायचेच नसल्यामुळे प्राणी मारल्यावाचून ती हाती येत नाही. आज बाजारात येणारी बहुतांश फर शिकाऱ्याच्या सापळ्यातून नव्हे, तर फार्मवर पिंजऱ्यात वाढवलेल्या प्राण्यांपासून मिळते, आणि गेल्या चार दशकांत युरोपातील प्राणिकल्याणाच्या चळवळीने ज्या धंद्याचा पाया सर्वांत खोलवर हलवला तो हाच धंदा होय. या चळवळीचे नाव निघाले की पोस्टरांवर झळकणाऱ्या नट्या आणि फॅशन शोसमोरची निदर्शने आठवतात. तिचे टिकाऊ यश मात्र एका प्रयोगशाळेतील वजन लावलेल्या दाराशी आणि एका कायद्यातील क्रियाविशेषणाशी अधिक जोडलेले आहे.

फार्मवरचा मुख्य प्राणी म्हणजे अमेरिकन मिंक. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा असल्यामुळे मराठीत त्याला नाव नाही, पण त्याचा एक भाऊबंद मराठी माणसाला परका नाही: कोकणच्या खाड्यांत आणि गोव्यात मांडवीतील चोडण बेटाच्या परिसरात दिसणारे पाणमांजर, ज्याला ऊद असेही म्हणतात, ते मिंकच्याच कुळातले. मिंक त्याहून पुष्कळ लहान, सडपातळ अंगाचा, साधारण मुंगसाच्या चणीचा असतो. त्याच्या बोटांमध्ये अर्धवट पडदे असतात, तो नदी-तळ्यांच्या काठाने एकटा राहतो, काठाचा लांबच लांब पट्टा आपला म्हणून राखतो आणि मासे, बेडूक, उंदीर, पाणपक्षी यांची शिकार करताना जमिनीवर जितका वावरतो तितकाच सहज पाण्यात बुडी मारतो. फार्मवरचा दुसरा महत्त्वाचा प्राणी खोकड आहे. मराठी अनुवादांत त्याला सर्रास ‘कोल्हा’ म्हटले जाते, परंतु कोल्हा हा वेगळा प्राणी आहे. फरसाठी पाळला जातो तो तांबड्या खोकडाचाच काळसर-रुपेरी केसांचा प्रकार, किंवा बर्फाळ प्रदेशातील ध्रुवीय खोकडाचा निळसर छटेचा प्रकार. यांखेरीज पूर्व आशियातला रॅकून डॉग आणि अँडीज पर्वतातला उंदराच्या गणातला चिंचिला हेही प्राणी पाळले जातात.

हे प्राणी राहतात कसे, याचे उत्तर मोजपट्टीनेच दिलेले बरे. युरोप परिषदेने (ही युरोपीय संघाहून वेगळी आणि अधिक जुनी संस्था) फर-प्राण्यांविषयी १९९९ मध्ये जी शिफारस स्वीकारली, तिच्यानुसार एका प्रौढ मिंकला, घरट्याची पेटी वगळून, किमान २५५० चौरस सेंटिमीटर जागा आणि ४५ सेंटिमीटर उंची मिळाली पाहिजे. कचेरीत वापरला जाणारा ए-फोर आकाराचा कागद घेतला, तर असे चार कागद शेजारी-शेजारी मांडून जेवढी जागा होते, जवळपास तेवढीच ही जागा. प्रौढ खोकडासाठी हे प्रमाण ८००० चौरस सेंटिमीटर आणि ७० सेंटिमीटर उंची असे आहे. विष्ठा खाली पडून जावी म्हणून पिंजऱ्याचा तळही जाळीचाच असतो. असे शेकडो पिंजरे लांबलचक शेडमध्ये रांगेने टांगलेले असतात आणि मासळी व कोंबड्यांच्या कत्तलखान्यांतून उरलेले भाग दळून केलेला लगदा त्यांच्या वरच्या जाळीवर थापला जातो. मिंकचे वर्ष ठरलेले असते. मार्चमध्ये नर-मादी एकत्र आणतात, एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात पिल्ले जन्मतात आणि नोव्हेंबर उजाडून हिवाळी केस पूर्ण भरले की पुढच्या वर्षाच्या पैदाशीसाठी निवडलेले प्राणी सोडून बाकीच्या सर्वांना मारले जाते. त्या वेळी पिल्लांचे वय जेमतेम सहा-सात महिन्यांचे असते.

मारण्याच्या पद्धती कातडे खराब होऊ नये या एका हेतूने ठरलेल्या आहेत. मिंकना पेटीत टाकून कार्बन मोनॉक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात, तर खोकडाच्या तोंडात आणि गुदद्वारात विजेची टोके लावून त्याला विजेच्या धक्क्याने मारतात. बुडी मारणाऱ्या प्राण्याचे शरीर श्वासाविना तग धरण्यासाठी घडलेले असते, त्यामुळे मिंकसाठी कार्बन डायऑक्साइड टाळावा, असे युरोपीय आयोगाच्या शास्त्रीय समितीने २००१ मध्येच सुचवले होते. पायघोळ कोटासाठी साधारण पन्नास ते साठ मिंक लागतात.

या धंद्याचा जन्म कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रिन्स एडवर्ड बेटावर झाला. चार्ल्स डाल्टन आणि रॉबर्ट औल्टन या दोघांनी १८९०च्या दशकात रुपेरी खोकडांची पैदास बंदिवासात यशस्वी करून दाखवली आणि आपली रीत काही काळ गुपित ठेवली. ते गुपित फुटल्यावर बेटावर सोन्याची खाण सापडावी तशी झुंबड उडाली. पैदाशीच्या एका जोडीला हजारो डॉलर मोजले जाऊ लागले, शेतकऱ्यांनी जमिनी गहाण टाकल्या, आणि पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे हे फार्म अमेरिका, नॉर्वे, रशिया असे पसरत गेले. मिंक पाळणे त्यानंतर वाढले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेच मुख्य ठरले. या साऱ्या इतिहासात पैदाशीसाठी प्राणी निवडताना पाहिले गेले ते केसांचा रंग, दाटपणा आणि कातड्याचा आकार. स्वभाव क्वचितच पाहिला गेला, आणि ही गोष्ट पुढच्या वादात कळीची ठरली.

फर-उत्पादकांचा नेहमीचा युक्तिवाद असा की, शंभर वर्षे आणि तितक्याच पिढ्या बंदिवासात काढलेला प्राणी आता वन्य राहिलेला नाही. गाय-कोंबडीसारखा तोही माणसाळलेला आहे. या दाव्याची परीक्षा घेणारा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग योगायोगाने फरच्याच धंद्यातून निघाला. सोव्हिएत आनुवंशशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव हे फर-प्राण्यांच्या पैदाशीवरील मॉस्कोच्या संशोधनसंस्थेत काम करत होते. स्तालिनच्या काळात आनुवंशशास्त्रच संशयास्पद ठरले होते, त्यांचे थोरले बंधू निकोलाय या शास्त्रापायी १९३७ मध्ये प्राणास मुकले होते, तरीही बेल्यायेव यांनी विषय सोडला नाही. १९५९ मध्ये सायबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे त्यांनी आणि त्यांच्या सहकारी ल्युडमिला त्रुट यांनी फार्मवरचे रुपेरी खोकड घेऊन केवळ एका गुणावर निवड सुरू केली: माणूस जवळ आल्यावर कोण कमी बिथरते. पहिल्या पिढ्यांतील बहुतेक प्राणी हात पुढे येताच फिस्कारत, चावत किंवा कोपऱ्यात आक्रसून बसत. मोजक्याच पिढ्यांच्या निवडीनंतर काही पिल्ले माणसाला पाहून शेपूट हलवू लागली, आणि पुढे तर हात चाटणारे, हाकेला येणारे खोकड निपजले. हे बदल दिसू लागले तेव्हा अनेकांच्या केसांत पांढरे ठिपके उमटले, काहींचे कान लोंबू लागले. यांतील काही ठिपकेदार आणि सौम्य वंश प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या जुन्या फार्मवरूनच आले असावेत, असे २०१९ मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिले, आणि ती दुरुस्ती रास्त आहे. तरी मूळ मुद्दा त्यामुळे बाद होत नाही. माणसाळवणे ही स्वभावावर केलेली निवड आहे, नुसता बंदिवास नव्हे. आणि धंद्याने ती निवड सातत्याने केली नव्हती. जो प्राणी रोज जाळीपलीकडून जाणाऱ्या माणसाला घाबरतो, त्याला माणसाळलेला म्हणणे ही शब्दांची ओढाताण आहे.

प्राण्याला काय हवे आहे हे ठरवायचे कसे, हा प्रश्न यापुढचा. ब्रिटनमध्ये १९६४ साली रूथ हॅरिसन यांनी ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ या पुस्तकातून बंदिस्त पशुपालनाचे वास्तव मांडले, त्यातून उठलेल्या गदारोळामुळे सरकारने ब्रॅम्बेल समिती नेमली आणि १९६५च्या तिच्या अहवालातून पुढे ‘पाच मुक्तता’ ही कल्पना आकाराला आली: भूक व तहान, अस्वस्थता, वेदना व रोग, भय व तणाव यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तन करण्याची मोकळीक. महाराष्ट्राच्या वाचकाला ही यादी वेगळ्या वाटेने परिचित असावी, कारण जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवरील २०१४च्या निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचाच आधार घेतला होता. यांतली पहिली चार कलमे तपासणे त्या मानाने सोपे; वजन, जखमा, आजार मोजता येतात. पाचव्या कलमाचे तसे नाही. मिंकला पोहायला मिळत नाही हे खरे, पण त्यामुळे त्याचे काही बिघडते का, की पोहणे हे त्याच्या दृष्टीने अन्न मिळवण्याचे केवळ साधन असून अन्न आयते मिळाल्यावर त्याची गरजच उरत नाही? धंद्याचे म्हणणे हेच होते, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते.

जॉर्जिया मेसन आणि त्यांच्या ऑक्सफर्डमधील सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने हा प्रश्न मिंकलाच विचारला. अर्थशास्त्रात एखाद्या वस्तूची गरज किती निकडीची आहे हे तिची किंमत वाढवून पाहतात: भाव चढला तरी माणूस मीठ घेतो, मिठाई सोडतो. संशोधकांनी सोळा मिंकना त्यांच्या नेहमीच्या पिंजऱ्याखेरीज सात दालने उपलब्ध करून दिली. एकात पाण्याचे उथळ कुंड, दुसऱ्यात वेगळे घरटे, तिसऱ्यात उंच फळी, इतरांत बोगदा, खेळणी, रोज बदलणाऱ्या नव्या वस्तू, आणि एक दालन मुद्दाम रिकामे. प्रत्येक दालनाला वर उचलून आत शिरण्याचे दार होते आणि त्या दारावर हळूहळू वजन वाढवत नेले, म्हणजे प्रत्येक भेटीची किंमत वाढवली. वजन सव्वा किलोपर्यंत गेले, म्हणजे जवळपास प्राण्याच्या स्वतःच्या वजनाइतके किंवा त्याहूनही अधिक. इतर दालनांना मिंक एकेक करून मुकत गेले; पाण्यासाठी मात्र ते सर्वांत जास्त कष्ट उपसत राहिले. यानंतर संशोधकांनी एक दिवस कुंडाचे दार बंद केले आणि मूत्रातील कॉर्टिसॉल मोजले. शरीरावर ताण आला की वाढणारे हे संप्रेरक आहे. कुंड तोडल्यावर झालेली वाढ अन्न तोडल्यावर होणाऱ्या वाढीशी तुलना करण्याजोगी निघाली, तर रिकामे दालन बंद केल्याने काहीच फरक पडला नाही.

या निष्कर्षावर आक्षेप आले आणि ते येथे नोंदवणे भाग आहे, कारण चळवळीची पत्रके ते सहसा नोंदवत नाहीत. ज्या मिंकने पाणी कधी पाहिलेच नाही त्याला त्याची उणीव भासते का, हा एक. पुढच्या काही प्रयोगांत मिंकने फिरत्या चाकालाही पाण्याइतकीच पसंती दिली, आणि पोहण्याची सोय केलेल्या पिंजऱ्यांतही एकसुरी वर्तन थांबलेच असे नाही, हा दुसरा. एकसुरी वर्तन म्हणजे कोणत्याही हेतूविना तीच हालचाल पुन्हा पुन्हा करणे; पिंजऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझारा, डोके गोल फिरवणे, जाळीशी उभे राहून मान डोलावणे. काही प्राणी आपली शेपूट कुरतडून तिचे केस उडवतात. फार्मवरच्या मिंकमध्ये हे वर्तन सर्वत्र आढळते याबद्दल दोन्ही बाजूंत वाद नाही. उत्पादकांचे म्हणणे एवढेच की, त्याचा कल आनुवंशिक असल्याने निवडीने ते कमी करता येईल. तथापि चाकालाही पाण्याइतकी किंमत मिळते यावरून एवढे तरी दिसते की, मिंकला धावायला, शिरायला, बुडायला काहीतरी हवे आहे, आणि चार कागदांच्या जाळीत यांपैकी काहीच नाही. पिंजरा किती मोठा करावा, या प्रश्नाची जागा हा प्राणी पिंजऱ्यात ठेवण्याजोगा आहे का, या प्रश्नाने घेतली ती अशी.

कायद्याने मात्र मेसन यांच्या प्रयोगाची वाट पाहिली नव्हती. ब्रिटनच्या पशुकल्याण सल्लागार परिषदेने १९८९ मध्येच मिंक आणि खोकड हे मुळात वन्य प्राणी असून प्रचलित पिंजरे त्यांच्या अगदी प्राथमिक गरजाही भागवत नाहीत, असे मत देऊन या धंद्याविषयी नापसंती व्यक्त केली होती. खासदार मारिया ईगल यांचे फर-पालनबंदीचे १९९९चे खासगी विधेयक चर्चेतच अडकून पडले. पुढच्या वर्षी सरकारनेच विधेयक आणले आणि इंग्लंड व वेल्ससाठीचा फर-पालन बंदी कायदा नोव्हेंबर २००० मध्ये संमत होऊन १ जानेवारी २००३पासून बंदी अमलात आली. तोवर तेथे मोजकेच फार्म उरले होते, त्यामुळे हा मोठा आर्थिक निर्णय नव्हता. महत्त्व होते ते त्याच्या आधाराला. सरकारने क्रौर्याचा पुरावा पुढे न करता सार्वजनिक नीतिमत्ता हा आधार घेतला: केवळ फरसारख्या वस्तूसाठी प्राणी पाळून मारणे हे समाजाच्या नैतिक धारणेला मान्य नाही, एवढेच कायद्याने म्हटले. त्यामुळे अधिक मोठा पिंजरा किंवा अधिक सौम्य वायू आणून कायद्यातून पळवाट काढण्याची सोयच राहिली नाही.

असा आधार घेतला की लगेच पुढचा प्रश्न येतो: मग मांसाचे काय, चामड्याचे काय? येथे ते क्रियाविशेषण कामाला येते. ‘केवळ किंवा प्रामुख्याने’ फरच्या मोलासाठी मारण्याकरिता प्राणी पाळणे हा गुन्हा, अशी त्या कायद्याची शब्दरचना आहे. मांसासाठी पाळलेल्या सशाचे कातडे विकले गेले तर ते दुय्यम उत्पन्न ठरते आणि कायद्याच्या बाहेर राहते. कोल्हापुरी चपलेचे चामडे ज्या म्हशीचे असते ती म्हैस काही चपलेसाठी पाळलेली नसते. मिंकची गोष्ट नेमकी उलटी, त्याचे मांस कोणी खात नाही आणि कातडे काढल्यावर उरलेले धूड ही विल्हेवाटीची अडचण असते. ही विभागणी तर्काच्या कसोटीवर पूर्ण उतरते असे नाही. कोंबडीचा पिंजरा मिंकच्या पिंजऱ्याहून सुखाचा असतो असे कोणी म्हणणार नाही, आणि कायद्याचा आवाका लहान ठेवला म्हणूनच तो संमत झाला, ही राजकीय वस्तुस्थिती लपवण्यात अर्थ नाही. पण कायदे सहसा असेच होतात; समाजाचे ज्यावर सर्वाधिक एकमत असते तेथून सुरुवात होते.

ऑस्ट्रियातील प्रांतांनी त्याआधीच, १९९८पर्यंत, फर-पालन बंद केले होते. नेदरलँड्सची वाट खडतर निघाली. युरोपातील मोठ्या मिंक-उत्पादकांपैकी एक असलेल्या या देशाने २०१२च्या डिसेंबरमध्ये बंदीचा कायदा केला आणि धंदा गुंडाळण्यासाठी २०२४पर्यंतची मुदत दिली. उत्पादक मालमत्तेच्या हक्काच्या मुद्द्यावर न्यायालयात गेले, २०१४ मध्ये हेगच्या न्यायालयाने पुरेशी भरपाई नाही म्हणून कायदा बाजूला सारला, २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. हे सारे घडत असताना इकडे फॅशनच्या जगात पोस्टरांची लढाई चालू होती. तिने फर ही प्रतिष्ठेची वस्तू न राहता लाजेची वस्तू ठरवली, गुचीने २०१७ मध्ये आणि प्राडाने २०१९ मध्ये फर सोडण्याचे जाहीर केले, हे श्रेय तिला द्यावेच लागेल. मात्र फरच्या कोटाची सारी नाचक्की तो घालणाऱ्या बाईवर लादायची आणि धंद्याच्या मालकाला मोकळे सोडायचे, ही तिची खोड अनेक स्त्रीवाद्यांना खटकली आणि त्यांचे खटकणे योग्यच होते.

चळवळीच्या कडव्या टोकाने तर तिचे नुकसानच केले. १९९८च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील न्यू फॉरेस्टजवळच्या एका फार्मचे पिंजरे रातोरात उघडून हजारो मिंक सोडून देण्यात आले. मिंक इंग्लंडच्या निसर्गातला नाही. फार्मवरून निसटलेले मिंक तेथील नद्यांवर विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच पैदास करू लागले होते आणि नदीकाठच्या बिळांत राहणाऱ्या वॉटर व्होल या उंदरासारख्या प्राण्याचा त्यांनी जवळजवळ निकाल लावला होता. पिंजऱ्यातून सोडलेले बहुतेक मिंक स्वतःही मेले. बहुतांश प्राणिसंघटनांनी या कृत्याचा निषेध केला. परदेशी भक्षक प्राणी लाखांनी एका जागी कोंडून ठेवणे हा स्थानिक निसर्गावर टांगलेला धोका आहे, हा या घटनेतला खरा धडा पुढे त्यांच्या युक्तिवादात मानाने सामील झाला.

त्यानंतर विषाणू आला. कोविडचा विषाणू मिंकच्या फार्मवर शिरतो, तेथे झपाट्याने पसरतो आणि पुन्हा माणसात परततो, हे एप्रिल २०२०पासून नेदरलँड्समध्ये दिसू लागले. डच सरकारने बंदीची तारीख पुढे ओढली आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथला धंदा संपला. डेन्मार्कमध्ये प्रकरण चिघळले. जगातील सर्वांत मोठ्या उत्पादकांत तेव्हा गणला जाणारा हा देश. कोपनहेगन फर ही तेथील उत्पादकांची सहकारी संस्था जगातला सर्वांत मोठा फर-लिलाव भरवत असे. साखर कारखाने आणि दूध संघांच्या राज्यातील वाचकाला सहकाराचे हे वजन समजावून सांगण्याची गरज नाही. ४ नोव्हेंबर २०२० रोजी पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी विषाणूच्या बदललेल्या रूपाचा दाखला देऊन देशातील सर्वच्या सर्व मिंक मारण्याची घोषणा केली. त्यांची संख्या दीड कोटीच्या पुढे होती, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या अडीच-तीनपट. निरोगी फार्मवरचे प्राणी मारायला लावण्याचा अधिकार सरकारला कायद्याने नव्हताच, हे काही दिवसांतच उघड झाले आणि अन्नमंत्री मोन्स येन्सन यांना राजीनामा द्यावा लागला. घाईने उथळ चरांत पुरलेली शवे कुजताना निघालेल्या वायूमुळे फुगून वाळूतून वर येऊ लागली; २०२१ मध्ये ती उकरून जाळावी लागली. चौकशी आयोगाने जून २०२२ मध्ये सरकारवर कडक ताशेरे ओढले, सरकारला पाठिंबा देणाऱ्या पक्षाने मुदतपूर्व निवडणुकीची मागणी केली आणि १ नोव्हेंबर २०२२ रोजी ती झालीही. उत्पादकांच्या भरपाईचा आकडा १९ अब्ज क्रोनरच्या घरात गेला, आणि कोपनहेगन फरने आपला कारभार आवरता घेतला. मिंक पाळण्यावर घातलेली तात्पुरती बंदी पुढे उठली, तरी फार्म पुन्हा सुरू करायला फारसे कोणी पुढे आले नाही.

जगाने त्या महिन्यात वर आलेली शवे पाहून हळहळ व्यक्त केली. पण नोव्हेंबर हा डेन्मार्कमध्ये तसाही मारण्याचाच महिना होता, आणि त्या मिंकपैकी पैदाशीचे प्राणी वगळता बहुतेक सारे दर वर्षीप्रमाणे त्याच आठवड्यांत वायूच्या पेटीत जाणार होते. फरक पडला तो एवढाच की, या वेळी त्यांचे कातडे कोणाच्या उपयोगी पडले नाही. ही विसंगती प्राणिसंघटनांनी दाखवून दिली, तेव्हा तिला फारसे उत्तर मिळाले नाही.

फिनलंड अजून या धंद्याला धरून आहे. तेथील फार्मवर २०२३ मध्ये बर्ड फ्लू शिरला आणि चार लाखांहून अधिक प्राणी मारावे लागले, तरी पश्चिम किनाऱ्यावरच्या गावांना पर्यायी रोजगार काय, हा प्रश्न राजकीय पक्षांना पुढे सरकू देत नाही. त्याच वर्षी युरोपभर गोळा केलेल्या, पडताळून खऱ्या ठरलेल्या १५ लाखांहून अधिक सह्यांचे निवेदन युरोपीय आयोगापुढे आले, आणि आयोगाने शास्त्रीय मत मागितले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये ते दिले: सध्याच्या पिंजऱ्यांच्या पद्धतीत या प्राण्यांच्या बहुतेक हालअपेष्टा टाळता येत नाहीत किंवा पुरेशा कमीही करता येत नाहीत. १९८९च्या त्या ब्रिटिश मतापासून हे फार दूर नाही. छत्तीस वर्षे गेली, पुरावा वाढला, निष्कर्ष तोच राहिला.

फार्म बंद करणे आणि फर बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चळवळीला उशिरा उमगले. युरोपात उत्पादन घटत असताना चीन सर्वांत मोठा उत्पादक आणि ग्राहकही होऊन बसला, आणि ब्रिटनमध्ये जे पिकवणे गुन्हा आहे ते आयात करून विकणे मात्र कायदेशीर राहिले. म्हणून पुढचे कायदे विक्रीवर आले. इस्रायलने २०२१ मध्ये फॅशनसाठी फर विकण्यास मनाई केली, धार्मिक शिरोभूषणांचा अपवाद ठेवून. कॅलिफोर्निया राज्यात नव्या फरच्या कपड्यांवरील विक्रीबंदी २०२३च्या आरंभी लागू झाली. भारतात हा धंदा कधी रुजला नाही, तरी आपल्या कायद्याचा पाया जुना आहे. नृत्यांगना आणि राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मांडलेल्या विधेयकाच्या प्रेरणेने आलेल्या १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात, प्राण्याला हालचालीस वाजवी वाव न देणाऱ्या लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात त्याला ठेवणे हा गुन्हा मानला आहे. त्यापुढे जाऊन परकीय व्यापार महासंचालनालयाने जानेवारी २०१७ मध्ये मिंक, खोकड आणि चिंचिला यांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली. परदेशातून आणलेल्या जाकिटाच्या टोपीला लावलेली झालर खरी की कृत्रिम, हे ओळखण्यासाठी केस बाजूला सारून त्यांचे मूळ पाहावे. विणलेले कापड दिसले तर ती ॲक्रिलिकची, कातडे दिसले तर प्राण्याची. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच, हा उत्पादकांचा टोला खरा आहे. पण त्यातून पिंजऱ्याचे समर्थन निघत नाही.

डेन्मार्क बाजूला झाल्यावर युरोपात सर्वांत मोठा उत्पादक उरला तो पोलंड. तेथील संसदेने २०२५ मध्ये फर-पालनबंदीचा कायदा संमत केला आणि डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली. लवकर धंदा सोडणाऱ्यांना अधिक भरपाई, उशिरा सोडणाऱ्यांना कमी, अशी त्याची रचना असून शेवटचा पिंजरा रिकामा करण्याची मुदत ३१ डिसेंबर २०३३ ही आहे.